ईयोबाचा सातबारा

सरकारी व्याख्येप्रमाणे अतिवृष्टी म्हणजे 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, आणि तो महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात नोंदला गेला पाहिजे. मोताळा तालुक्यात हा आकडा शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. पाठीशी अजिंठ्याची रांग, राजूर घाट चढून गेलं की बुलढाणा. खाली उतरत गेलं की मलकापूरकडचं सपाट काळं रान. अशा उतारावर ढग मंडळाच्या हद्दी बघून चालत नाहीत. रोहिणखेडकडे पाऊस धो-धो कोसळत असतो आणि दोन कोसांवर धूळ उडत असते. ज्या गावात मापक बसवलेला आहे ते गाव कोरडं राहिलं, आणि नाला फुटून ज्याच्या शेतातली माती वाहून गेली तो त्याच मंडळातल्या दुसऱ्या टोकाला असला, तर त्याला आपलं नुकसान सिद्ध करत फिरावं लागतं. कधी नेमकं उलटही होतं. आता-आतापर्यंत विम्याची तक्रार 72 तासांच्या आत नोंदवावी लागे, म्हणजे बांधावर गुडघाभर चिखलात उभं राहून मोबाइलची रेंज शोधावी लागे. मग खरिपाची पैसेवारी. ती 50 पैशांच्या आत आली तर दुष्काळ, एखाद्या पैशानं वर राहिली तर नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात, येशू पावसाबद्दल एक साधी गोष्ट सांगतो. देव चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच सूर्य उगवतो, न्यायी आणि अन्यायी दोघांच्याही शेतात पाऊस पाडतो. चर्चमध्ये यावर बहुधा देवाच्या उदारपणाचं गोड प्रवचन होतं. मोताळ्यात हे वाचलं की त्याची धार लागते. पाऊस जर दोघांच्याही शेतात पडतो, तर दडीही दोघांच्या वाट्याला येते, आणि हरभरा घाटे धरत असताना झालेली गारपीटही. म्हणजे पाऊस हा चालचलणुकीचा दाखला नाही. मला हे ख्रिस्ती विचारातलं सर्वांत व्यवहारी विधान वाटतं, आणि पचायला सर्वांत जड.

कारण माणसाला हिशेब लागतो. आपल्याकडे तो भोग, मागच्या जन्मीचं, नशिबात होतं, अशा शब्दांत मांडला जातो. याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे धान्याचे दाणे कसे सरकले हे पाहून पावसाचं आणि पिकाचं भाकीत सांगितलं जातं, आणि ते ऐकायला लांबलांबून शेतकरी येतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. ज्याचं सगळं वर्ष आभाळावर टांगलेलं असतं त्याला आभाळाचा काहीतरी नियम असावा असं वाटणारच. ख्रिस्ती माणसालाही तसंच वाटतं. बायबलमध्येच तो सूर आहे. अनुवादाच्या पुस्तकात आज्ञा पाळल्या तर वेळेवर पाऊस, नाही पाळल्या तर आकाश बंद, असा सरळ करार मांडलेला आहे. त्याच ग्रंथात पुढं ईयोबाचं पुस्तक येतं आणि त्या कराराशी कडाकडा भांडतं.

ईयोबाची गोष्ट ऐकीव स्वरूपात अनेकांना माहीत असते: सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या, पाचशे गाढवी, दहा मुलं; सगळं एका दिवसात जातं, मग अंगभर फोड उठतात. पण पुस्तकाचा बहुतेक भाग या संकटांचा नाहीच. तो आहे अलीफज, बिल्दद आणि सोफर या तीन मित्रांशी झालेल्या वादाचा. हे मित्र वाईट नव्हते. बातमी ऐकून लांबून आले, कपडे फाडले, डोक्यावर माती घातली, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्द न बोलता बसून राहिले. तेवढंच करून ते उठून गेले असते तर त्यांच्याइतके चांगले समाचाराला येणारे जगात कुणी झाले नसते. आठव्या दिवशी ते बोलू लागले, आणि तिघांचं म्हणणं फिरून फिरून एकच: तुझं काहीतरी चुकलं असणार. निदान तुझ्या पोरांचं तरी.

आपल्याकडे चूक शोधायचं हे काम सरकारी समिती करते. विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त म्हटल्या जाणाऱ्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा आहे. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच सुमाराला मदतीचे निकषही ठरले. शेतकऱ्यानं जीव दिला की सातबारा, आठ-अ, कर्जाचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल गोळा होतो. नापिकी होती का, कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहिलं जातं. मग प्रकरण पात्र ठरतं किंवा अपात्र. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. त्यातले तीस हजार लगेच, सत्तर हजार ठेवीत. कृषी केंद्राची उधारी, मेहुण्याकडून हातउसने घेतलेले पैसे, पोरीच्या लग्नाला काढलेलं खासगी कर्ज या रकान्यांत बसत नाही. सार्वजनिक पैसा वाटायचा तर निकष हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण अपात्र हा शब्द कागदावर थांबत नाही. तो घरात येतो, विहिरीवर जातो, सोयरिकीच्या बैठकीत बसतो. मग गावच चौकशी सुरू करतं: दारू पीत होता म्हणे, घरात पटत नव्हतं म्हणे, कापूस सोडून भलतंच पेरलं म्हणे. अलीफजाला मोताळ्याचा रस्ता कुणी सांगावा लागत नाही.

ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देव बोलतो, आणि त्याचा राग ईयोबावर नसतो. तीन मित्रांवर असतो. ज्यानं देवाला शिव्या घालायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या, जन्माचा दिवस धिक्कारला, मला न्यायालयात उभं करा म्हणाला, तो बरोबर बोलला असा निवाडा होतो. आणि ज्यांनी देवाची बाजू घेतली ते खोटे ठरतात. इतका धीट निवाडा मला दुसऱ्या कुठल्याही धर्मग्रंथात इतक्या सरळ आढळलेला नाही. लाइबनित्सनं 1710 मध्ये देवाच्या न्यायाचं समर्थन करणारा जाड ग्रंथ लिहिला. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, चर्च भरलेली असताना लिस्बन भूकंपानं कोसळलं आणि व्होल्तेरनं लाइबनित्सच्या आशावादाच्या चिंध्या केल्या. पण देवाच्या वतीनं वकिली करणाऱ्यांना खुद्द देवानं झापल्याची नोंद त्याच्या कितीतरी आधी झालेली होती.

येशूनं हीच बाजू पुढं नेली. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहातला एक बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. त्या काळची ताजी बातमी असावी. ती माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न येशू स्वतःच काढतो आणि साफ नाही म्हणतो. बुरूज का पडला हे मात्र तो सांगत नाही. लगेच एक शेतीची गोष्ट सांगतो: मळ्यात अंजिराचं झाड, तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, उगाच जमीन अडवतंय. माळी म्हणतो, मालक, हे एक वर्ष राहू द्या, मी आळं खणतो, खत घालतो. पुढं झाड धरलं की नाही, ते सांगितलेलं नाही. प्रश्न होता आभाळाबद्दल आणि उत्तर आलं खतमातीचं. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप याचं की याच्या आईबापाचं? तिथंही तो दोन्ही पर्याय खोडतो, माती कालवून डोळ्यांना लावतो आणि आंधळ्याला धुवायला पाठवतो ते त्याच शिलोहच्या तळ्यावर.

या विषयावर महाराष्ट्रात ज्यांचं नुसतं मत नव्हतं, हाड झिजलं होतं, अशी एक व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या माहेरी पुण्याचा हिशेब अगदी काटेकोर सांभाळला जाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थक्षेत्रांतून पुराण सांगत फिरत. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या कुटुंबानं जपतप वाढवलं, उपास केले, होतं नव्हतं ते, दागिने, भांडी, दानधर्मात आणि अनुष्ठानात घातलं. शास्त्र्याच्या घरानं मजुरीला जायचं नाही, ही समजूत पक्की होती. शेवटी रान गाठलं. रमाबाईंनी पुढं लिहून ठेवलं आहे की त्या रानात अकरा दिवस त्यांनी पाणी, पाला आणि मूठभर रानखजुरांवर काढले. मग आधी वडील गेले, नंतर आई, नंतर थोरली बहीण. वाचलेल्या बहीणभावानं पायी देश तुडवला. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. 1882 मध्ये पती बिपिनबिहारी गेले, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथं रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

एवढं सोसलेल्या माणसानं नवा देव स्वीकारताना निदान आता तरी हिशेब जुळेल अशी अट घातली असती तर नवल नव्हतं. रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यात तशी अट दिसत नाही. 1897 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या त्या मुलखात रमाबाई स्वतः गेल्या. भुकेनं सैरभैर झालेल्या मुली, बालविधवा यांना घेऊन परत आल्या आणि पुण्याजवळ केडगावला विहिरी खणल्या, माग घातले, तेलाचा घाणा सुरू केला, छापखाना काढला. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाड, गुजरात, राजस्थान सगळंच होरपळलं. शतक उलटताना केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात दीड-दोन हजार माणसं राहत होती. ज्या बाईच्या बापाला मजुरी करणं धर्माविरुद्ध वाटलं तिनं हजारभर मुलींच्या हातात काम दिलं. दुष्काळ का पडतो याचं उत्तर त्यांनी आपल्यापुरतं असं दिलं असं मी समजतो.

आणि त्या नुसत्या दुःख झेलणाऱ्यांपैकी नव्हत्या. 1897 मध्येच पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांची जी आबाळ झाली, तिच्याबद्दल त्यांनी बॉम्बे गार्डियन पत्रात जाहीर पत्र लिहिलं. ज्यांच्या धर्मात त्या गेल्या होत्या त्याच धर्माच्या राज्यकर्त्यांविरुद्ध. प्रकरण इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. दुष्काळापुढं कुदळ आणि सरकारपुढं लेखणी, ही वाटणी त्यांनी अचूक केली होती. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. म्हणजे आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा यांचे मृत्यू पाहिलेल्या बाईनं ईयोबाचं गाऱ्हाणं ओळ-ओळ मराठीत लिहिलं. ते काम संपत आलं असताना, 1921 मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या.

इथं ख्रिस्ती माणसानं स्वतःच्या अंगणाकडेही बघितलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला अलायन्स मिशननं अकोला, खामगाव या बाजूला काम सुरू केलं होतं. दुष्काळात अनाथ झालेली पोरं मिशनांनी सांभाळली, शिकवली, हाताला धंदा दिला. हे खरं आहे. पण त्या काळच्या मिशनरी लिखाणात दुष्काळ म्हणजे सुवार्तेला चालून आलेली संधी, असाही सूर अधूनमधून लागतो. तो वाचताना अंगावर काटा येतो. भाकरीसाठी धर्म बदलला, हा टोमणा वऱ्हाडातल्या मूठभर ख्रिस्ती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. त्यात भुकेल्याची चूक शोधायची सवय तर आहेच, पण टोमणा मारणाऱ्याच्या हाती ते हत्यार आमच्यातल्याच काहींनी दिलं, हेही नाकारता येत नाही.

आता कुणी म्हणेल, पावसाचा हिशेब नको तर मग कशाचाच नको. सोसा आणि स्वर्गाची वाट पाहा. ख्रिस्ती धर्माबद्दल हा गैरसमज जुना आहे, आणि धर्मगुरूंनीच तो पोसलेला आहे. बायबल उघडलं तर चित्र वेगळं दिसतं. आमोस हा तकोवाचा गुराखी, उंबराची झाडं राखणारा. त्याचा सगळा राग माप लहान करणाऱ्यांवर, वजन खोटं ठेवणाऱ्यांवर, गव्हाचं भुसकट विकणाऱ्यांवर आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर अडकलेला असतो, असं अनुवादाचं पुस्तक बजावतं. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच आरडाओरड करते आणि ती देवाच्या कानापर्यंत पोचते. म्हणजे आभाळाकडून हिशेब मागू नका म्हणणारा ग्रंथ काट्यापुढं बसलेल्या माणसाला मात्र कवडी-कवडीचा हिशेब विचारतो.

आपण नेमकं उलटं करतो. ज्याचं पीक बुडालं त्याची कसून चौकशी, आणि ज्यानं भाव पाडला त्याची नाही. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात ते चार हजारांच्या आसपास गेलं. हमीभाव केंद्रावर न्यायचं तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. पुढं ती मर्यादा 15 टक्के केली, तोवर गरजवंतानं विकून टाकलं होतं. दिवाळी तोंडावर, सोंगणीचे पैसे द्यायचे, हार्वेस्टरवाला दारात. व्यापारी पोत्यात हात घालतो, दाणा दाताखाली धरतो, काही न बोलता एक आकडा सांगतो. गावात गाडी घेऊन येणारा खेडा खरेदीवाला काट्याला हात लावू देत नाही. यातलं काहीही आभाळातून पडलेलं नाही. याला नशीब म्हणणं, किंवा ख्रिस्ती भाषेत वाट्याला आलेला वधस्तंभ म्हणणं, ही माझ्या मते शुद्ध लबाडी आहे.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट यावर गुंता वाढवते. मालक पहाटे चौकात जाऊन मजूर ठरवतो, रोज एक दीनार. मग दर तीन तासांनी जातो, शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असतानाही जातो. तेव्हाही काही जण उभेच असतात. आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही म्हणतात. सोंगणीच्या दिवसांत मजुरांची गाडी भरताना पाहिलेल्या माणसाला शेवटी कोण उरतं ते सांगावं लागणार नाही: म्हातारा, कंबर धरलेली बाई, लेकुरवाळी. मालक संध्याकाळी सगळ्यांना सारखाच दीनार देतो, कारण दीनार म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकर, आणि पोट अर्धं भरत नाही. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

ही कुरकुर आपण 2017 मध्ये ऐकली आणि 2019 च्या अखेरीस पुन्हा ऐकली. पहिल्या कर्जमाफीची मर्यादा दीड लाख, दुसरीची दोन लाख. दोन्ही वेळा ज्यानं बायकोचे दागिने गहाण ठेवून हप्ता वेळेवर भरला तो म्हणाला, मग मी मूर्ख का? सरकारनं नियमित फेडणाऱ्याला प्रोत्साहनपर रक्कम जाहीर केली, पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत, दुसऱ्या वेळी 50 हजारांपर्यंत, पण मनातला सल तेवढ्यानं जात नाही. व्यासपीठावरून त्याला द्राक्षमळ्याची गोष्ट ऐकवणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. गोष्टीतला मालक स्वतःच्या खिशातून देतो, सरकारी तिजोरी कुणा एकाची नसते. आणि मालकानं पहाटेच्या मजुराला ठरलेला दीनार पुरा दिलेला असतो. इथं पहाटेच्या मजुराचाच दीनार बाजारात कापला गेला आहे. ठरलेलं आधी चुकतं करा, मग दया करा, असा क्रम त्या गोष्टीत आहे आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी गहाण-विक्रीत गेलेली जमीन मूळ घराकडे परत जावी असा कायदा आहे. तो पुरा अमलात आल्याचा पुरावा नाही. पण निदान कुणाच्या तरी मनात आलं होतं की कर्ज ही कायमची शिक्षा असता कामा नये.

ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी जो आहे तोही शेवटी एका चौकशीतून गेलेला माणूस आहे. पिलातानं त्याच्यात दोष सापडत नाही असं सांगितलं आणि तरीही त्याला वधस्तंभावर द्यायला सोपवलं. निर्दोष ठरूनही शिक्षा. वधस्तंभावर त्यानं देवाला तू मला का टाकलंस असं विचारलं, तेही जुन्या स्तोत्राच्या शब्दांत, आणि उत्तर आल्याची नोंद नाही. जर्मन पाद्री डीट्रिख बोन्होफरनं हिटलरच्या तुरुंगातून लिहिलं की दुःख सोसणारा देवच आपल्या उपयोगी पडू शकतो. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी दिलं. हे कुणाला पटेल, कुणाला नाही. मला एवढं दिसतं की या श्रद्धेत गाऱ्हाणं हे अश्रद्धेचं लक्षण नाही. ते प्रार्थनेच्या पुस्तकातच छापलेलं आहे.

ईयोबाला देव जे उत्तर देतो त्यात दुःखाचं कारण कुठंच नाही. तो पृथ्वीच्या पायापासून शहामृगापर्यंत बोलत सुटतो. मधेच पावसाबद्दल बोलतो: जिथं माणूसच नाही अशा ओसाड रानातही आपण पाऊस पाडतो म्हणतो. ज्या पावसाचं कुणाला काही देणं नाही, जो कुठल्या मापकात पडत नाही आणि ज्याच्यावर कुणाची पैसेवारी ठरत नाही. याउलट आज मोताळ्यातल्या नळगंगेच्या धरणापर्यंत वैनगंगेचं पाणी सव्वाचारशे किलोमीटर कालव्यांनी आणायची योजना कागदावर आहे. कॅबिनेटनं 2024 मध्ये तिला मंजुरी दिली. ती झाली तर मोताळ्याला हवीच आहे. पण तो माणसानं माणसाशी केलेला वायदा आहे, त्याचा हिशेब तारीख-वार विचारता येतो आणि विचारावा.

शेवटच्या अध्यायात ईयोबाला भरपाई मिळते. मेंढरं चौदा हजार, उंट सहा हजार, बैलांच्या हजार जोड्या, सगळं दुप्पट. मुलं मात्र पुन्हा दहाच, सात मुलगे आणि तीन मुली. गेलेली पोरं परत येत नाहीत आणि त्यांची दुपटीनं भरपाई होत नाही, एवढं त्या लेखकाला कळत होतं. मुलग्यांची नावं तो देत नाही. मुलींची देतो: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. आणि बापानं त्यांना भावांच्या बरोबरीनं वतन दिलं असं सांगतो, ज्या समाजात भाऊ असताना मुलीला जमीन मिळत नव्हती. देवानं तसं सांगितल्याचा उल्लेख नाही. एवढं सगळं भोगून उठलेल्या माणसाला ते आपणहून सुचलं. मोताळ्यात मदतीच्या अर्जाला लागणारा सातबारा अजून बहुतेक घरी नवऱ्याच्या नाही तर सासऱ्याच्या नावावर असतो, आणि नवरा गेल्यावर बाईला वारस म्हणून नाव चढवायला तलाठ्याकडे, मंडळ अधिकाऱ्याकडे हेलपाटे घालावे लागतात. तेवढ्यात पेरणी येऊन ठेपते, आणि ज्या जमिनीवर तिचं नाव नाही तिच्यावर तिला पीककर्ज मिळत नाही.